संधिप्रकाश, गोरज आन कडुसं

प्रश्न असा होता की संधिप्रकाश हा शब्द फक्त संध्याकाळसाठीच असतो का, आन गोरज म्हणजे पण तेच का.

पहिलं म्हणजे संधिप्रकाश दोन्ही वेळेचा. संधी म्हणजे सांधा, रात्र आन दिवस जिथं जोडले जातात तो, मग पहाटेचाही आला अन् सांजेचाही. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंतचा उजेड आपल्याकडं साधारण 22 ते 25 मिनिटं पुरतो, त्यानंतर दिव्याशिवाय वाचता येत नाही. सांज हा शब्द पण संध्यावरूनच आलाय, वंध्याचं वांझ झालं तसं संध्याचं सांझ आन मग सांज. पण बोलताना आपण फरक बरोबर पाळतो बघा, तांबडं 'फुटतं' ते फक्त पहाटे, संध्याकाळी तांबडं फुटलं असं कुणीच म्हणत नाही, तेव्हा आभाळ तांबडं 'होतं'.

गोरज मात्र वेगळा. ढोरं रानातून घरी येताना त्यांच्या खुरांनी जी धूळ उडते ती रज, त्यावरून वेळेचं नाव पडलं, लग्नाचा गोरज मुहूर्त तोच. यामुळं खूप जणांना वाटतं की आभाळ लाल होतं ते धुळीनं, तसं नाहीये. सूर्य टेकतो तेव्हा त्याच्या उजेडाला डोक्यावरच्या दुपारपेक्षा 35 पटीहून जास्त हवा ओलांडून यावं लागतं, हवेचे कण निळा रंग तांबड्याच्या जवळपास 6 पट विखुरतात, म्हणून निळा वाटेतच पांगतो आन आपल्यापर्यंत पिवळा, नारंगी, तांबडा उरतो. खालची जाड धूळ उलट रंग मळकट करते. आमच्याकडं मे महिन्यात सूर्य नुसता फिक्कट थाळीसारखा बुडतो, आन पाऊस पडून हवा धुतली गेली की भाद्रपदात ढगांच्या कडा अशा पेटतात की बघत राहावं.

आता माझा सगळ्यात आवडता शब्द, कडुसं. धाराशिवकडं आमची आजी म्हणायची, कडुसं पडायच्या आत घरी ये रे लेकरा. हे सूर्य बुडाल्यानंतरचं, तांबडं ओसरून माणूस ओळखू येईना असं होतं तेव्हाचं, म्हणून त्याला संधिप्रकाश म्हणून भागत नाही, ते त्याचं शेवटचं टोक आहे. त्या वेळी डोक्यावरचं आभाळ गडद निळं दिसतं, ते वरच्या ओझोनमुळं, तो नारंगी-पिवळा शोषून घेतो.

एकदा मोकळ्या माळावर मावळतीकडं पाठ करून उभं राहा. उगवतीला एक गुलाबी पट्टा दिसंल आन त्याच्या खाली राखाडी-निळा, तो राखाडी म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हळूहळू वर चढत जाते अन् वरचा गुलाबी पुसत जातो. आजीच्या तोंडचं कडुसं पडतं ते असं, उगवतीकडून.