रोज तीन-चार पेग होतात, ठरवूनही बंद होत नाही. हे व्यसन आहे का, आणि सोडायची तर सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी दोन पेगवर भागायचं, आता रोज तीन-चार लागतात. काम कधी चुकलं नाही, घरात भांडण नाही. पण गेल्या महिन्यात दोनदा ‘आजपासून बंद’ म्हणालात आणि दोन्ही वेळा दुसऱ्या रात्री बाटली उघडली. मधल्या सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरत होता. शेवटी विचारलंय, घरी न सांगता सोडता येईल का?

सगळ्यात आधी थरथरीबद्दल बोलतो, कारण उरलेलं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल, हे नाही. तिसऱ्यांदा एकट्याने, अचानक बंद करू नका.

मेंदूत शांत करणारं एक रसायन असतं, गाबा, आणि चेतवणारं एक, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा परिणाम वाढवते आणि दुसऱ्याला दाबून ठेवते. रोज रात्री हे व्हायला लागलं की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट्या बाजूला झुकतो: शांत करणारी यंत्रणा सैल सोडतो, चेतवणारी ताणून ठेवतो. एका रात्रीत दारू काढून घेतली की ताणलेली बाजू मोकाट सुटते. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ८ तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. आकडी यायची असेल तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. सर्वांत धोकादायक अवस्था म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स. ती साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान दिसते: माणूस भ्रमात जातो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप आणि रक्तदाब चढतो. सगळ्यांना ती होत नाही, पण झाली आणि उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. सोडणं, पुन्हा सुरू करणं, पुन्हा सोडणं असं वारंवार झालं की पुढच्या वेळचा त्रास आधीपेक्षा जोरात येऊ शकतो. म्हणून ‘मागच्या वेळी नुसता हात हलला, याही वेळी तेवढंच होईल’ हा हिशोब चुकीचा आहे.

आता, हे व्यसन आहे का?

काम चुकणं आणि घरात भांडणं होणं, या दोन्ही खुणा फार उशिराच्या आहेत. त्या दिसेपर्यंत थांबायचं म्हणजे आजार पिकायची वाट बघायची. डॉक्टर वेगळं बघतात. २०१३ पासून वापरात असलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या चौकटीत ११ खुणा आहेत आणि त्या गेल्या १२ महिन्यांसाठी तपासतात. दोन-तीन असल्या तर सौम्य, चार-पाच असल्या तर मध्यम, सहा किंवा जास्त असल्या तर तीव्र. तुमच्याच मजकुरातून मोजतो. कमी करायचा किंवा सोडायचा प्रयत्न फसला: एक. तेवढ्याच परिणामासाठी जास्त लागायला लागली: दोन. बंद केल्यावर शरीराने त्रास दिला: तीन. दोन म्हणून बसता आणि चार होतात का? संध्याकाळ झाली की तलफ येते का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर पाच झाल्या. निदान तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करायचं, पण ‘मला काहीच झालेलं नाही’ म्हणायला यात जागा उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, पाच मिनिटांत होते. गुण ० ते ४०. आठपासून पुढे पिणं धोक्याचं मानतात, २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची सविस्तर तपासणी करून घ्यायची. उत्तरं खरी दिलीत तरच तिचा उपयोग.

आणि खरं उत्तर द्यायचं तर आधी माप हवं. ‘पेग’ हे माप प्रत्येकाच्या हातागणिक बदलतं. औषधाच्या बाटलीबरोबर मिलिलिटरच्या खुणांचं प्लॅस्टिकचं झाकण येतं, तसलं काहीही घ्या. आज रात्री नेहमीसारखा पेग नेहमीच्या ग्लासात ओता आणि पाणी घालायच्या आधी तो त्या मापाने मोजा. ६० समजत होतात तो ८०-९० भरणं अगदी नेहमीचं आहे. ४२.८ टक्क्यांची ६० मिली दारू म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ‘ऑडिट’मध्ये एक ड्रिंक १० ग्रॅमचं धरतात, म्हणजे तुमचा एक नीट मोजलेला पेग तिथे दोन भरतो. चार पेग ८० मिलीचे असतील तर शंभर ग्रॅमच्या वर गेलात. शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटतं. रात्री अकराला शेवटचा घोट घेतला तरी सकाळी गाडी चालवताना दारू रक्तात असते, तुम्हाला जाणवो न जाणवो. पहाटे तीनला दचकून जाग येत असेल तर त्याचंही कारण बहुधा हेच: पातळी उतरते आणि ती ताणलेली बाजू डोकं वर काढते.

हा आकडा घेऊन डॉक्टरकडे जायचं. मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्तीचं काम करणारे डॉक्टर असतील तर उत्तम, पण सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासूनही होते. तिथे ‘कधीतरी घेतो’ एवढंच सांगून लोक परत येतात, आणि सगळं तिथेच बिघडतं, कारण औषधाचा डोस त्या आकड्यावर ठरतो. वाक्य घरीच तयार करा: ‘मी रोज अमुक मिली पितो, इतकी वर्षं झाली, शेवटची अमुक वाजता घेतली, बंद केली की हात थरथरतात, मला सोडायची आहे.’ पूर्वी कधी आकडी आली असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील, यकृत किंवा हृदयाचा आजार असेल तर तेही न विचारता सांगा. तोंडून निघत नसेल तर कागदावर लिहून पुढे करा, डॉक्टरांना त्यात नवल वाटत नाही.

पहिले पाच-सात दिवस डॉक्टर सहसा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात आणि रोज डोस उतरवत नेतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. या गोळ्यांवर दारू घेतली तर श्वास मंदावू शकतो, म्हणून त्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणायच्या नाहीत. सोबत थायमिन म्हणजे बी-१ असतं. फार पिणाऱ्याच्या शरीरात ते कमी पडलेलं असतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा माणसाला ग्लुकोजचं सलाईन लावायची वेळ आली तर थायमिन आधी द्यावं असा दंडक आहे. पूर्वी आकडी किंवा भ्रम झालेला असेल, किंवा घरी लक्ष ठेवणारं कोणी नसेल तर दाखल होऊनच सोडावी.

डॉक्टरांची वेळ काही दिवसांनीच मिळत असेल तर तोवर शून्यावर उडी मारू नका. मोजून प्या आणि दर चार दिवसांनी साधारण दहा टक्के उतरवा. १८० मिली असेल तर १६०, मग १४५. थरथर सुरू झाली तर आधीच्या मापावर परत या. हा पूल आहे, उपचार नाही.

पहिला आठवडा सरला की लोकांना वाटतं सुटली. माझ्या मते खरं काम इथून पुढे आहे, आणि बहुतेक जण नेमकं इथेच डॉक्टरकडे जाणं थांबवतात. तलफ कमी करणारी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन, सहसा रोज ५० मिलिग्रॅम, पिण्यातली मजा बोथट करतं; अफूच्या जातीचं वेदनाशामक चालू असेल तर मात्र ते चालत नाही. अकॅम्प्रोसेट दिवसातून तीनदा घ्यावं लागतं आणि त्याआधी मूत्रपिंडं तपासावी लागतात. डायसल्फिराम वेगळं आहे: त्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. ती जेवणात लपवून कुणाला देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे. घरातलं कोणी हे वाचत असेल तर कृपा करून तसं करू नका.

औषधाइतकीच माणसं लागतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका आज जगभर होतात, फी नसते, आडनाव विचारत नाहीत. पहिल्या दिवशी नुसतं मागे बसून ऐकलं तरी चालतं. एका गटात मन रमलं नाही तर दुसरा बघा, गटागटात फार फरक असतो. तिथलं आध्यात्मिक वळण पटत नसेल तर समुपदेशकाबरोबर वैयक्तिक सत्रं घ्या. तलफेची लाट बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत उतरते, तेवढा वेळ काढायचा असतो. म्हणून नेहमीची वेळ असेल त्याच्या अर्धा तास आधी पोटभर जेवा, घराबाहेर पडा, बैठकीतल्या कुणाला तरी फोन लावा. घरातली बाटली ठेवून हे जमत नाही. कमी करत आणण्याचे दिवस संपले की ती जायलाच हवी. एखादी रात्र घसरलात तर दुसऱ्या सकाळी डॉक्टरांना कळवा. ‘आता मोडलंच आहे’ म्हणत पुढचा आठवडा पिण्यानेच जास्त नुकसान होतं.

राहिला घरी सांगण्याचा प्रश्न. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण एकाला सांगावंच लागेल, आणि कारण वैद्यकीय आहे. भ्रम सुरू झालेल्या माणसाला तो भ्रमात आहे हे कळत नाही. बायको असो, भाऊ असो, एकाच छताखाली झोपणारं कोणीतरी हवं. त्याला डॉक्टरांचा नंबर द्या आणि एवढं कागदावर लिहून ठेवा: पहिले चार-पाच दिवस मी एकटा झोपणार नाही. आकडी आली, नसलेलं काही दिसायला लागलं, वार किंवा जागा सांगता आली नाही, ताप चढला, पाणीही पोटात ठरेना, तर मी ‘काही झालं नाही’ म्हणालो तरी ऐकायचं नाही, सरळ रुग्णालयात न्यायचं.