बेन्थोसेमा टेरोटमचा अभ्यास सुरू करताना

कंदीलमाशांच्या मिक्टोफिडी कुळात सुमारे 250 जाती आहेत. तुम्ही सर्वांकडे एकदम न वळता बेन्थोसेमा टेरोटम या एकाच जातीपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. अ‍ॅल्कॉक यांनी 1890 मध्ये वर्णिलेला हा जेमतेम बोटभर लांबीचा मासा हिंद महासागरात आणि पश्चिम प्रशांत महासागरात आढळतो; मात्र त्याचे सर्वांत दाट थवे अरबी समुद्राच्या उत्तर भागात, विशेषतः ओमानच्या आखातात असतात.

नमुना हाती आला की प्रथम प्रकाश-अवयवांची, म्हणजे शरीरावरील प्रकाश देणाऱ्या ठिपक्यांची, मांडणी पाहावी, कारण जात ओळखण्याचा मुख्य आधार तीच असते. जाळ्यात घासून खवले आणि कित्येकदा हे अवयवही गळून जातात. अशा वेळी जात ओळखण्यासाठी कानातील चुनखडीसारखा खडा, म्हणजे ओटोलिथ, जपून काढावा. माझ्या मते नवशिक्याने हे कौशल्य सर्वांत आधी आत्मसात करावे.

नमुन्याबरोबर खोली आणि वेळ यांची नोंद नसेल, तर त्याचे मोल फारसे उरत नाही. हा मासा दिवसा दोनशे-तीनशे मीटरवर, अरबी समुद्रात तर प्राणवायू अत्यल्प असलेल्या थरातही राहतो, आणि अंधार पडताच कोपेपॉडसारखे सूक्ष्म कवचधारी जीव खाण्यासाठी पृष्ठभागाजवळ येतो. मासे जाळे चुकवतात. म्हणून केवळ जाळ्यातील संख्येवरून साठ्याचा अंदाज न बांधता ध्वनिमापनाची, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून केलेल्या मोजणीची, जोड अवश्य द्यावी. त्याचे आयुष्य साधारण वर्षभराचेच असल्याने एकाच हंगामातील नमुन्यांवर विसंबू नये.