वाचकांचे प्रश्न : नमुने भरपूर, माणसं एकाच थरातली

प्रश्न : व्यक्तीनुरूप उपचारांच्या (म्हणजे ज्याच्या त्याच्या जनुकांनुसार उपचार ठरवण्याच्या) संशोधनात लाखो लोकांचा डीएनए तपासला जातो. मग सगळ्या समाजांतले लोक हवेतच, हा हट्ट का? संख्या मोठी असली की पुरे ना?

उत्तर : जे गटात नाहीच, ते संख्या वाढवून सापडत नाही. पीसीएसके९ हे जनुक निकामी करणारे बदल अमेरिकेतल्या एका अभ्यासात २.६ टक्के कृष्णवर्णीयांत आढळले. गोऱ्यांत ते जवळपास नाहीतच. असे बदल असलेल्यांचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) २८ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी निघालं (२००६). या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणारी इंजेक्शनं २०१५पासून वापरात आहेत. गटात माणसं नसली की उलटंही घडतं, चुकीचं निदान होतं. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारात काही कृष्णवर्णीयांना ‘तुमच्यात सदोष जनुक आहे’ असं सांगितलं गेलं. ते बदल निरुपद्रवी होते. तुलनेच्या गटात थोडे जरी कृष्णवर्णीय असते, तरी हे बहुधा टळलं असतं.

प्रश्न : आम्ही अशा प्रकल्पासाठी स्वयंसेवक नोंदवतो. जाहिराती केल्या, समाजमाध्यमांवर फिरवलं, तरी येतात ते शिकलेले, सुस्थितीतलेच. काय करावं?

उत्तर : ‘लोकच तयार नाहीत’ म्हणण्याआधी गळती कुठे होते ते बघा. निरोप पोचला, संमती दिली, नमुना दिला, वैद्यकीय नोंदी जोडल्या, वर्षभरानंतरही संपर्कात आहेत : प्रत्येक टप्प्याचे आकडे वय, शिक्षण, उत्पन्न, गाव-शहर आणि अपंगत्वानुसार वेगळे काढा. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या अशाच मोठ्या प्रकल्पानं सुमारे ९२ लाख लोकांना बोलावलं. आले ५ लाख, आणि तेही सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा निरोगी आणि सुस्थितीतले.

संमती मिळाली पण नमुना आला नाही, तर आधी केंद्राची वेळ आणि अंतर तपासा. रोजंदारीवरच्या माणसाला सकाळी ११ची वेळ म्हणजे बुडालेली मजुरी. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी केंद्र उघडं ठेवा, फिरती गाडी पाठवा, प्रवासखर्च आणि वेळेचा मोबदला द्या. अमेरिकेच्या ‘ऑल ऑफ अस’ या अशाच प्रकल्पात तो २५ डॉलर होता. रक्कम फार मोठी नको, नाहीतर पैशांसाठी आजार लपवणारेही येतात.

सुई नको म्हणणाऱ्यांसाठी लाळेचा संच ठेवा. आधी ३० मिनिटं खाणं, पिणं, धूम्रपान, च्युइंगम बंद. नेहमीच्या संचात २ मिलिलिटरची रेघ असते. ती लाळेनं भरायची, फेस धरायचा नाही. घोळ इथेच होतो : फेस रेघेला टेकला की माणूस झाकण लावतो, झाकणातलं नमुना टिकवणारं द्रव्य आत उतरतं आणि नमुना अपुरा पडतो. वयस्कांचं तोंड कोरडं असेल, तर गाल बाहेरून हलके चोळायला सांगा. तरी पहिली पसंती रक्तालाच. लाळेत जिवाणूंचा डीएनए मिसळतो आणि रक्तातल्या चरबीसारख्या चाचण्या तिच्यावर होत नाहीत.

राहिला विश्वास. तो वेगवेगळ्या रंगांचे हसरे चेहरे पोस्टरवर छापून येत नाही. अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीनं मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. ते स्किझोफ्रेनिया हा मनोविकार आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासातही वापरलं गेलं. २०१०मध्ये अॅरिझोनाच्या विद्यापीठ मंडळाला ७ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली, उरलेलं रक्तही परत करावं लागलं. म्हणून नमुना पुढे कशाकशाला वापरला जाईल, कोणाला दिला जाईल, हे सहीआधी बोलीभाषेत वाचून दाखवा आणि ‘आता तुम्ही मला सांगा’ म्हणून ऐकून घ्या. अडखळले तर पुन्हा समजवा, सही नंतर. वस्तीतल्या लोकांना प्रश्नावली ठरतानाच बोलवा. सगळं ठरल्यावर बोलावलं तर ती निव्वळ हजेरी होते.

प्रश्न : कोणी मधूनच बाहेर पडलं तर?

उत्तर : कारण विचारायचं नाही. उरलेला नमुना नष्ट करायचा, नव्या नोंदी घेणं थांबवायचं. आधीच विश्लेषणात गेलेली माहिती मात्र परत काढता येत नाही, आणि हे संमतीपत्राच्या पहिल्या पानावर हवं.