अध्यक्ष रशिया, आणि ठरावही रशियाविरुद्ध? सुरक्षा परिषद नेमकी चालवतं कोण?

फेब्रुवारी २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा अध्यक्ष रशियाच होता, मग युक्रेनवरच्या हल्ल्याबद्दल त्याच्याविरुद्धचा ठराव मतदानापर्यंत पोहोचलाच कसा, असं तुम्ही विचारलंय. अध्यक्षाला ठराव अडवता येत नाही, म्हणून पोहोचला. पुढे तो पडला तो रशियाच्या नकाराधिकारामुळे (व्हेटो, म्हणजे पाच कायम सदस्यांपैकी कुणा एकाच्या विरोधी मताने ठराव पडतो तो), आणि तो अधिकार खुर्चीत कुणीही असलं तरी रशियाकडे असतोच.

हे अध्यक्षपद निवडणुकीने मिळत नाही. पंधरा सदस्य देशांची नावं इंग्रजी वर्णक्रमाने लावतात आणि दर महिन्याला पाळी पुढे सरकते. त्या महिन्यात ती रशियाची होती. त्यामुळे २५ फेब्रुवारीला रशियाचे राजदूत वासिली नेबेन्झिया यांच्याच अध्यक्षतेखाली मतदान झालं. बाजूने ११, विरोधात एकटा रशिया. चीन, भारत आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ.

खरी गंमत दोन दिवसांनी झाली. हा विषय आमसभेच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांच्या सभेच्या, तातडीच्या विशेष अधिवेशनाकडे पाठवायचा का, यावर पुन्हा मतदान झालं. मतांची विभागणी अगदी तीच, ११-१-३, पण या वेळी ठराव मंजूर! कारण तो कामकाजाचा प्रश्न होता आणि कामकाजाच्या प्रश्नांना नकाराधिकार लागू होत नाही, कुठलीही नऊ मतं पुरतात. २ मार्चला आमसभेत १४१ देशांनी रशियाच्या निषेधाच्या बाजूने मत दिलं. अर्थात आमसभेचा असा ठराव बंधनकारक नसतो.

मग अध्यक्ष करतो काय? महिन्याचं वेळापत्रक ठरवतो (तेही सगळ्यांशी बोलून), बैठका बोलावतो, वक्त्यांना क्रमाने संधी देतो. आपल्या आवडीच्या एखाद्या विषयावर मोठी चर्चाही ठेवतो. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने सागरी सुरक्षेवर ठेवली होती आणि तिचं अध्यक्षपद पंतप्रधान मोदींनी भूषवलं होतं. अध्यक्षाने दिलेला निर्णय पटला नाही तर सदस्य तो मतदानाने फिरवू शकतात.

हे १९५० मध्ये घडलंय. चीनच्या जागेवर तैवानमधलं सरकार बसतं म्हणून सोव्हिएत संघाने जानेवारीपासून बहिष्कार घातला होता. जूनमध्ये कोरियन युद्ध पेटलं तेव्हा अध्यक्षस्थानी भारताचे बेनेगल नरसिंह राव होते. नकाराधिकार वापरणाराच गैरहजर, त्यामुळे दक्षिण कोरियाच्या मदतीचा ठराव सहज पार पडला. ऑगस्टमध्ये अध्यक्षपदाची पाळी आली तसे सोव्हिएत प्रतिनिधी याकोव्ह मलिक परतले आणि तैवानचा प्रतिनिधी चीनचा नव्हेच, असा निर्णय त्यांनी देऊन टाकला. परिषदेने तो फिरवला. तरी कार्यक्रमपत्रिकेवर वाद घालत त्यांनी अख्खा महिना रेटला. म्हणजे खुर्चीमुळे वेळ काढता येतो, एवढंच.

माझ्या मते, नकाराधिकार सोडला तर खरं वजन ठरावाचा मसुदा लिहिणाऱ्याकडे असतं. कुठल्या विषयाचा मसुदा कोण लिहिणार हे बहुतांशी ठरलेलं आहे, आणि त्यातले बरेचसे विषय अनेक वर्षं फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका यांच्याकडेच आहेत. दोन वर्षांसाठी निवडून आलेल्या देशाच्या हाती मसुदा येतो तेव्हा वाटाघाटी बऱ्याच पुढे गेलेल्या असतात. त्याला तिथलं राजकारण उमगेपर्यंत मुदत संपत येते, आणि लगेच दुसऱ्यांदा निवडून यायला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने मनाई आहे.