मानेत गाठ लागत नाही, तरी मानेचं ऑपरेशन करू द्यायचं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या गालात आतून कॅन्सरची जखम आहे, दोन-अडीच सेंटिमीटरची. सोनोग्राफीत मान स्वच्छ आहे, तरी सर्जन गालाबरोबर मानही उघडायची म्हणतात. हा बिल वाढवायचा धंदा आहे का, आणि नंतर जेवण-बोलणं कसं होतं, असं विचारलंय.

धंदा नाही. करू द्या.

आमचे आण्णा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. त्यातली बरीच रात्रीच्या परळ गाडीवर. टाटाला निघालेले पेशंट त्यांच्याच गाडीत असायचे, तोंडाला उपरणं गुंडाळलेले, मांडीवर एक्स-रेची पिशवी. त्यांना तिकीट फाडून द्यायचं आणि मागच्या सीटवर बसून तंबाखू मळायची. बार कायम उजव्या गालात. 2017 च्या पावसाळ्यात तिथंच चट्टा आला, तिखट लागेना. तुकडा तपासायला पाठवला आणि जे निघायचं तेच निघालं.

आमच्या शहरातल्या सर्जनने सरळ सांगितलं, गाल आणि मान एकाच भुलीत करू. आण्णांना कळेल अशा भाषेत म्हणाले, "मास्तर, गालातून निघालेली गाडी आधी जबड्याखाली थांबते, मग मानेत खाली जाते. पहिले दोन-तीन थांबे आत्ताच साफ करून घेऊ." आण्णांना पटलं होतं. ते मान हलवत होते.

पटलं नाही ते आमच्या दाजींना. दाजींनी तरुणपणी तीन वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडरकी केली, तेवढ्या भांडवलावर आमच्या घरात ते आजतागायत डॉक्टर आहेत. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "दुखणं गालाचं आणि कापायची मान? चाकू लावला की हे पसरतं. गाठ आली तर तेव्हा बघू." मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, जिल्हा परिषदेत लेखा विभागात, रोज लोकांच्या बिलातल्या चुका काढणारा. आणि मी मान डोलावली. सर्जनने वाद घातला नाही. कागदावर लिहिलं, 'मानेच्या शस्त्रक्रियेस नातेवाइकांचा नकार', आणि खाली माझी सही घेतली. दाजींची नाही, माझी. तो कागद फाइलमध्ये अजून आहे.

नुसत्या गालाचं ऑपरेशन झालं. दर महिन्याला मान दाखवायला या, असं बजावलं होतं. दोनदा गेलो. मग भाचीचं लग्न निघालं, दाजींच्याच घरचं. सातव्या महिन्यात आण्णांची दाढी करताना न्हाव्याच्या हाताला जबड्याखाली सुपारीएवढी गाठ लागली.

मग आम्हीच परळच्या गाडीत बसलो. मुक्काम दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत. टाटातल्या डॉक्टरांनी जुने कागद चाळले, नकाराच्या ओळीवर क्षणभर थांबले आणि पान उलटलं. काही बोलले असते तर बरं झालं असतं. गाठ आतल्या स्नायूला आणि खांदा उचलणाऱ्या नसेला चिकटली होती. स्नायू, मोठी शीर, नस, सगळं काढावं लागलं. नंतर तीस दिवस लाईट, म्हणजे रेडिएशनचा शेक, सोबत आठवड्याला एक केमो. लाईटच्या आधी किडक्या दाढा उपटल्या, कारण शेकलेल्या जबड्यात नंतर दाढ काढली तर हाड सडू शकतं. हे तुम्हीही आधीच विचारून घ्या.

आण्णा आज आहेत, बरे आहेत. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ज्या हाताने एकतीस वर्षं घंटीची दोरी ओढली, तो हात आता दोरीवर टॉवेल वाळत घालू शकत नाही. लवकर केलं असतं तर ही नस बहुतेक वाचली असती. गाठ नसताना मानेच्या वरच्या भागातल्याच ग्रंथी (सर्जन म्हणाले ते थांबे) काढतात, नस जपतात. खांदा काही महिने जड राहतो, व्यायामाने सुटतो. कानाची पाळी बधिर राहते. तो तोटा आणि हा तोटा, हिशेब तुम्हीच करा.

धर्मशाळेत शेजारच्या पेशंटचा मुलगा मेडिकलला होता. त्याने सांगितलं की हाच प्रश्न टाटातच तपासून झालाय. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरचे, मानेत गाठ नसलेले पेशंट दोन गटांत वाटले. एका गटाची मान लगेच केली, दुसऱ्याची गाठ आल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटात 80 टक्के हयात होते, दुसऱ्यात 67.5 टक्के. 2015 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं. म्हणजे आम्ही व्हरांड्यात अक्कल पाजळत होतो त्याच्या दोन वर्षं आधी.

दाजी आजही प्रत्येक दिवाळीला म्हणतात, पहिल्या चाकूनेच पसरलं. अहो दाजी, हाताला न लागणारी मान उघडली तरी शंभरातल्या वीस-तीस जणांच्या ग्रंथीत कॅन्सर आधीच सापडतो. तो चाकूने नेलेला नसतो. बोटाला आणि सोनोग्राफीला तो कळत नाही, एवढंच. आणि तुकडा काढल्याने पसरत असतं तर जगभरातले डॉक्टर तुकडा तपासल्याशिवाय हात लावत नाहीत, ते काय वेडे म्हणून?

जेवणाचं : नाकातली नळी साधारण आठ-दहा दिवस. मांडीचा, हाताचा किंवा छातीचा तुकडा लावला तर जास्त. तोंड उघडण्याचा व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, रडले तरी करून घ्या. आण्णांनी आळस केला, आता दोन बोटंही आत जात नाहीत. लाईट झाली तर लाळ कमी होते, भाकरी ताकाशिवाय उतरत नाही. बोलणं आमचं महिन्याभरात समजायला लागलं, तुमचं किती जातंय त्यावर आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. जखम अगदी वरवरची, तीनेक मिलिमीटरपेक्षा उथळ असेल तर मान न उघडता नजर ठेवणं हाही पर्याय असू शकतो, पण मग महिन्याच्या महिन्याला खरंच जावं लागतं. खोली किती आहे हे रिपोर्टवर बघून सर्जनलाच विचारा. थायरॉइडच्या गाठीचं गणित वेगळं, त्याला हे लावू नका. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि सही करायच्या वेळी खोलीत फक्त तुम्ही, वडील आणि डॉक्टर. घरात लग्न असेल तर लग्नाची तारीख हलवा.