आधी तिला उडू दे

सोलापूर, २० जानेवारी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांपाशी भेटलीस तेव्हा तोंड पाडून होतीस, म्हणून तिथं काही बोललो नाही. रात्री तुझा मेसेज आला. त्यात तीन वेळा एकच वाक्य: "सर, माझी उंची पाच फूट चार इंच, मी ब्लॉक कसा करणार?" मोबाईलवर एवढं उत्तर टाइप करणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी त्या बास्केटबॉलच्या सामन्याचं. मी कठड्यावर बसून मोजत होतो. तू नऊ वेळा ब्लॉकला, म्हणजे समोरचीचा रिंगकडं निघालेला बॉल अडवायला, उडालीस. नऊच्या नऊ वेळा समोरच्या मुलीच्या आधी. चौघींनी नुसता बॉल वर दाखवला, तू हवेत गेलीस आणि त्या शेजारून निघून गेल्या. उरलेल्यांत पाच फाउल झाले आणि तिसऱ्या क्वार्टरमध्येच तू बेंचवर आलीस. यात उंचीचा संबंध कुठं आला? घाई झाली, दुसरं काही नाही.

तुझे वडील पूर्व भागात माग चालवतात. त्यांना विचार, उभे धागे उघडायच्या आधी धोटा सुटला तर काय होतं. धागे तुटतात, माग थांबतो, शिव्या पडतात. धोटा कितीही जोरात असला तरी वाट उघडेपर्यंत त्याला थांबावंच लागतं. गार्डचा, म्हणजे तुझ्यासारख्या रिंगपासून लांब खेळणाऱ्या बुटक्या खेळाडूचा, ब्लॉक तसा आहे. रिंगपाशी खेळणारा सहा फूट दहा इंचांचा सेंटर चुकीच्या वेळी उडाला तरी त्याचा हात वर असतोच. आपल्याला ती चैन नाही. आपण समोरच्या मुलीनंतर उडायचं. तिचे दोन्ही पाय जमीन सोडेपर्यंत तुझे पाय जमिनीवर. एकदा ती हवेत गेली की तिला बेत बदलायला फारशी जागा नसते. तुला मात्र ती कुठं चालली आहे ते दिसत असतं.

ड्वेन वेडचे जुने व्हिडिओ बघ. उंची सहा फूट चार इंच, म्हणजे एनबीएच्या, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, मानानं बुटकाच. कारकिर्दीत ८८५ ब्लॉक. एवढ्या किंवा याहून कमी उंचीच्या कुणाचेही इतके नाहीत. २००८-०९ च्या हंगामात त्यानं १०६ ब्लॉक केले, आणि त्याच वर्षी दोन हजारांवर गुण, पाचशेवर असिस्ट (गुण करून देणारे पास), शंभरावर स्टील (हिसकावलेले बॉल). एका हंगामात हे चारही त्याच्याआधी कुणाला जमलं नव्हतं. मायकल जॉर्डनचं १९८७-८८ बघ: १३१ ब्लॉक, २५९ स्टील, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटूचा किताब.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू, जी पोस्टरवर कुणी छापत नाही. जॉर्डनच्या त्या हंगामात ८२ सामने होते. म्हणजे दर सामन्याला दोनही ब्लॉक नाहीत. वेड १०५४ सामने खेळला, त्याची सरासरी एकाच्याही खाली. जगातले सगळ्यात भारी गार्ड सामन्याला एखाद-दुसरा ब्लॉक करतात, आणि तू एका संध्याकाळी नऊ करायला निघालीस!

आता हाताचं. समोरची उजवी असेल तर बॉल तुझ्या डाव्या बाजूला असतो. मग डावा हात वर. तू उजवा हात तिच्या तोंडावरून आडवा नेतेस, खांद्याला खांदा लागतो आणि शिट्टी वाजते. हात खालून वर, सरळ न्यायचा. वरून खाली चापट मारायची नाही. चापट बॉलला लागली तरी पंचाला ती मनगटावर बसल्यासारखी दिसते, आणि त्याचं फार चुकतं असंही नाही. ले-अपला, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून बॉल टाकायला, येणारी मुलगी शेवटच्या पावलाला बॉल पोटापाशी धरते आणि तिथून वर नेते. पोट ते छाती, एवढ्या पट्ट्यात तुझी पाच फूट चार इंच पुरेशी आहे. तिथंच तिच्या बॉलवर हात ठेव. टाळ्या पडणार नाहीत, बॉल मात्र तिच्या हातातून सुटेल. ३.०५ मीटरवरच्या रिंगपाशी कोण काय करतं त्याची काळजी आपण करू नये. खाली येणारा बॉल रिंगच्या वर असताना हात लावायचा नसतो, हा नियम तू आणि मी जन्मात मोडू शकणार नाही.

मागून धावून केलेला ब्लॉक तुला आवडतो, माहीत आहे. २०१६ च्या एनबीए फायनलचा सातवा सामना, ८९-८९, दोन मिनिटंही उरली नव्हती, आणि लेब्रॉन जेम्सनं समोरच्या संघातल्या इगुडालाचा ले-अप बोर्डवर दाबला. तो पुन्हा बघ, पण या वेळी लेब्रॉनकडं बघू नकोस. इगुडालाच्या समोर आडवा गेलेला लेब्रॉनच्याच संघाचा जे. आर. स्मिथ बघ. तो गार्ड. त्याच्यामुळं इगुडालाला बॉल हवेत खाली घेऊन पुन्हा वर न्यावा लागला, आणि त्या क्षणभरात लेब्रॉन पोचला. नोंदीत ब्लॉक एकाचाच. माझ्या हिशोबात अर्धा स्मिथचा. आपल्या टीमच्या उंच सेंटरसाठी तू हे काम केलंस तर मला जास्त आनंद होईल. आणि स्वतः मागून जाशील तेव्हा पाठीवर जाऊ नकोस, एक पाऊल बाजूनं धाव.

माझी एक खोड सांगतो. कॉलेजात असताना ब्लॉक करताना मी बॉल असा भिरकवायचो की तो भिंतीपलीकडच्या गटारात जायचा. पोरं "काय बे!" करून ओरडायची, मी छाती काढून उभा राहायचो. पंच शांतपणे बॉल पुन्हा समोरच्या संघालाच द्यायचा. एनबीएचा जुना सेंटर बिल रसेल बॉल बाहेर घालवण्याऐवजी हलकेच आपल्याच माणसाकडं वळवायचा, आणि तिथूनच त्याच्या संघाची धाव सुरू व्हायची. त्याचे एकूण ब्लॉक किती ते मोजलेलेच नाहीत. एनबीएनं ही नोंद १९७३-७४ पासून ठेवायला घेतली, तो १९६९ लाच थांबला होता.

सराव असा. मैत्रिणीला वीस ले-अप मारायला लाव. पहिल्या दहांना तू उडायचंच नाही, फक्त डावा हात सरळ वर आणि तिच्या पायांकडं लक्ष. उरलेल्या दहांना तिचे पाय सुटले की उडायचं. एवढंच, दिवसाला एकदा. आपलं कोर्ट सिमेंटचं आहे, जास्त उड्या मारशील तर विशीतच गुडघे दुखायला लागतील. माझे ऐक जिना चढताना. मार्चनंतर सकाळी सातच्या आत आटपायचं, आपल्या उन्हाशी पैज लावायची नाही.

रविवारी साडेसहाला ये. बॉलमध्ये हवा भरून आण, आणि डाव्या हाताची नखं कापून ये. परवाच्या त्या सात नंबरच्या पोरीचं मनगट मी पाहिलं आहे.

तुझा,
सर