तालमीतून जिउजित्सूकडे येताना

तू सांगलीच्या तालमीत घुमलेला गडी. पट काढायला नि ढाक मारायला तुला कुणी शिकवायला नको. अडचण त्याच्या पुढं आहे. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, म्हणून खाली पडलास की सवयीनं पोटावर वळतोस. ब्राझिलियन जिउजित्सूत, म्हणजे जमिनीवर झटून पकडीनं हार मानायला लावायच्या खेळात, हेच महागात पडतं. समोरचा मागून दोन्ही पाय आत अडकवतो, स्पर्धेत त्याचे 4 गुण घेतो आणि वर गळा आवळतो. तेव्हा पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवायचं, म्हणजे गार्ड, हे आधी शिक. पहिले काही महिने मुद्दाम खालून खेळ. पैलवानाला ते अपमानास्पद वाटतं, ठाऊक आहे मला.

टॅप करायला, म्हणजे हातानं थोपटून हार मानायला, लाजू नको. हात अडकले असतील तर तोंडानं सांग. टाच धरून पाय पिळायच्या पकडीत तर दुखायची वाटच बघू नकोस. गुडघ्याचं लिगामेंट बऱ्याचदा कळ यायच्या आधीच जातं. नव्यानं त्या पकडीच्या नादी न लागलेलंच बरं.

गी, म्हणजे सरावाचा जाड कोट-पायजमा, लगेच घेऊ नकोस. अंगाबरोबर टी-शर्ट आणि खिसे-चेन नसलेली चड्डी चालते. नखं काप, सराव झाला की लगेच अंघोळ कर. पावसाळ्यात एकाला गजकर्ण झालं की सगळ्या बॅचला व्हायला वेळ लागत नाही. अंगावर चट्टा दिसला तर घरी थांब. मी तरी अशाशी झटत नाही.

पट्ट्याचं विचारत बसू नको. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहज दहाएक वर्षं जातात.

आणि हो, वस्तादांना सांगून ये. चोरून नको.